पूर आणि सहल यांच्या मधले पानशेत

१/
“पानशेत पूर्वी असे नव्हते.” पुण्यातील जुन्या कुटुंबांत पानशेतचा विषय निघाला की हे वाक्य हमखास कानी पडते. पाठोपाठ आठवणी येतात: लाल एस.टी., वल्ह्याची होडी, धरणाच्या भिंतीवरचा वारा, चुलीवरचे पिठले-भाकरी आणि संध्याकाळी निश्चल पडलेले पाणी. मग तक्रार सुरू होते. आता यांत्रिक होड्यांचा गोंगाट आहे, ध्वनिवर्धक आहेत, पाण्यापर्यंत आलेली तारेची कुंपणे आहेत, रविवारची वाहनकोंडी आहे. थोडक्यात, गाव बिघडले.

या निष्कर्षात एक चूक आहे आणि ती तारखेची आहे. हा थ्रेड त्या तारखेविषयी.

२/
स्मरणरंजनाला सुरुवातीची एक तारीख लागते. त्या दिवशी जे जसे होते ते ‘मूळचे’ ठरते आणि पुढचा प्रत्येक फरक ‘बिघाड’ ठरतो. पुणेकरांच्या पानशेत-स्मरणाची तारीख म्हणजे त्यांच्या पहिल्या सहलीची तारीख. त्या दिवशी तेथे तळे होते, म्हणून तळे मूळचे.

वास्तविक ते तळे अनेक आठवणकारांहून वयाने लहान आहे. तेथे आंबी नदीचे खोरे होते. त्यात भाताची खाचरे होती, विहिरी, देवळे, पाणंदी आणि गावठाणे होती. सहलीचा पहिला पाहुणा होडीत बसण्यापूर्वीच तेथील सर्वांत मोठा बदल घडून गेला होता.

३/
प्रथम भूगोल. पुण्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर, वेल्हे तालुक्यात, दोन धरणे जवळजवळ शेजारी उभी आहेत. आंबी नदीवर पानशेत आणि मोसे नदीवर वरसगाव. दोन्ही नद्यांचे पाणी मुठेला मिळते आणि खडकवासल्याच्या जलाशयात येते.

पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीत चार धरणे आहेत. त्यांची साठवणक्षमता अशी: वरसगाव १२.८२ टीएमसी, पानशेत १०.६५, टेमघर ३.७१ आणि खडकवासला १.९७. एकूण २९.१५. म्हणजे पाचांतले चार वाटे पाणी वेल्ह्यातील दोन खोऱ्यांत साठते. पुण्यात नळ उघडला की त्यातून बहुतांशी आंबी आणि मोसे वाहते.

४/
आता इतिहास. पानशेत धरणाचे काम १९५७ मध्ये सुरू झाले. धरण मातीचे होते. १९६१ च्या पावसाळ्यात ते पूर्ण झालेले नसतानाच त्यात पाणी साठवले गेले. धरणाच्या पोटातून पाणी बाहेर सोडण्याची जी वाट होती तिचे बांधकाम खचले आणि वरची माती बसू लागली. लष्कराच्या जवानांनी रात्र जागवून वाळूची पोती रचली. १२ जुलै १९६१ च्या सकाळी धरण फुटले. त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासला धरणही टिकले नाही आणि मुठेकाठचे पुणे पाण्याखाली गेले.

चौकशीसाठी प्रथम न्यायमूर्ती बावडेकर आणि त्यांच्या मृत्यूनंतर न्यायमूर्ती नाईक यांचे आयोग नेमले गेले. पुढे पानशेत धरण पुन्हा बांधण्यात आले.

५/
पुण्याच्या स्मरणात पानशेत दोनदा येते. एकदा पूर म्हणून, एकदा सहल म्हणून.

पुराची आठवण दर वर्षी १२ जुलैला जागी होते. वृत्तपत्रांत जुनी छायाचित्रे छापली जातात, पाणी कोणत्या पेठेत किती फूट चढले होते याची उजळणी होते, भिंतींवरच्या पूररेषा दाखवल्या जातात. सहलीची आठवण वर्षभर सुरू असते.

या दोन्ही आठवणींत पानशेतचा माणूस नाही. पहिलीत ते एका आपत्तीचे नाव आहे, दुसरीत करमणुकीचे. दोन्हींचा केंद्रबिंदू पुणे.

६/
भाषेनेही याची नोंद ठेवली आहे. पुण्यात ‘पानशेतग्रस्त’ म्हटले की पुरात घर गेलेला पुणेकर डोळ्यांसमोर येतो. त्याच्यासाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत वसाहती उभ्या राहिल्या. त्याचे दुःख खरे होते आणि त्याला घर मिळणे न्यायाचेच होते. शब्द मात्र पाहण्यासारखा आहे. ज्यांची शेते आणि घरे त्या धरणाने कायमची घेतली, ते पानशेत खोऱ्यातील शेतकरी या शब्दात मावत नाहीत. त्यांच्यासाठी सरकारी कागदांत ‘धरणग्रस्त’ हा दुसरा शब्द आहे.

पुरातले पाणी ओसरले. धरणातले ओसरणार नव्हते. तरी शहराने ‘पानशेतग्रस्त’ हे विशेषण पहिल्याच पाण्याला दिले.

७/
आता कायद्याच्या तारखा. पानशेतची जमीन घेतली गेली तेव्हा इंग्रजी अमदानीतील १८९४ चा भूसंपादन कायदा लागू होता. त्याचा भर मोबदल्यावर होता. विस्थापिताचे पुनर्वसन हे त्या कायद्याने सरकारचे बंधनकारक कर्तव्य मानलेले नव्हते. महाराष्ट्राने प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला तो १९७६ मध्ये. त्यानंतर १९८६ आणि १९९९ चे नवे कायदे आले.

म्हणजे पानशेतचे पाणी प्रथम अडले तेव्हा पुनर्वसनाचा कायदा पंधरा वर्षे दूर होता. मोबदला रोख पैशांत मोजला गेला. गुरचरण, जळण, देवराई, सामायिक वाट आणि शेजार यांचा भाव त्या हिशेबात कोठेच लागला नाही.

८/
बुडाले ते नेमके काय? मावळातील शेती दोन पायऱ्यांची असते. खोऱ्याच्या तळाशी भाताची खाचरे. डोंगरउतारावर वरकस जमीन; तीत नाचणी, वरई, सावा. खाचर पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रमाने तयार होते. बांध घालायचा, गाळ धरायचा, पाणी एका खाचरातून दुसऱ्यात फिरवायचे. वरकस जमीन काही वर्षे पिकवून पडीक ठेवावी लागते.

धरणाचे पाणी खालून वर चढते. त्यामुळे सर्वांत आधी खाचर जाते आणि वरकस उरते. ज्यांनी वर सरकून राहणे पत्करले त्यांच्या हाती निकृष्ट जमीन राहिली. ज्यांनी पूर्वेकडील तालुक्यांत जमिनी स्वीकारल्या त्यांना भात सोडून निराळी शेती, निराळे हवामान आणि परके गाव स्वीकारावे लागले. भावकी दोन ठिकाणी विभागली गेली आणि ग्रामदैवत तिसऱ्याच ठिकाणी राहिले.

९/
सहलीच्या आठवणींत सर्वांत रम्य वस्तू म्हणजे होडी. तिचाच इतिहास पाहावा.

जलाशयाने खोऱ्यातील वाट बुडवली. ज्या गावाला पायी अर्ध्या तासात जाता येत असे त्याला डोंगराला वळसा घालून जावे लागले. फुगवट्याच्या पलीकडे अडकलेल्या वाड्यांना बाजार, दवाखाना, शाळा आणि तालुक्याचे कार्यालय गाठण्यासाठी होडी किंवा लाँच हाच आधार उरला. तांदळाचे पोते, बाळंतीण, परीक्षेचा विद्यार्थी, आजारी म्हातारा, सारे त्याच होडीतून गेले.

एकाच पाण्यावर दोन होड्या चालत होत्या. एक हौसेची, दुसरी गरजेची. पुण्याच्या छायाचित्रसंग्रहांत पहिलीच दिसते.

१०/
हे वेल्ह्यापुरते नाही. दक्षिणेला लागून असलेल्या भोर तालुक्यात हीच कथा आणखी पाऊणशे वर्षांनी जुनी आहे.

१८७६-७८ च्या दुष्काळानंतर पूर्वेकडील अवर्षणग्रस्त मुलखाला पाणी देण्यासाठी नीरा कालव्याची योजना पुढे आली. कालव्याला बारमाही पाणी हवे, म्हणून भोरजवळ भाटघर येथे वेळवंडी नदीवर दगडी धरण बांधले गेले. जलाशयाला व्हाइटिंग या इंग्रज अभियंत्याचे नाव मिळाले: लेक व्हाइटिंग.

भोर त्या वेळी पंतसचिवांचे संस्थान होते. पाण्याखाली गेली संस्थानातील जमीन. कालव्याचे पाणी मुख्यत्वे इंग्रजी मुलखात गेले.

११/
ते धरण अपुरे पडू लागले. मग त्याच नदीवर त्याहून कितीतरी मोठे धरण बांधले गेले आणि ते १९२८ मध्ये पुरे झाले. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड (कारकीर्द १९१८ ते १९२३) यांच्या नावाने ते ‘लॉइड डॅम’ झाले. सिंधमधील सक्करच्या प्रसिद्ध बंधाऱ्यालाही याच गव्हर्नराचे नाव होते. भाटघरची भिंत त्या काळातील जगातील मोठ्या दगडी बांधकामांत मोजली जाई. आज तिची क्षमता सुमारे २३.५ टीएमसी आहे. म्हणजे एकटे भाटघर हे पानशेत आणि वरसगाव यांच्या बेरजेएवढे.

अभियांत्रिकीच्या ग्रंथांत हे वैभव म्हणून नोंदले जाते. वेळवंड खोऱ्याच्या दृष्टीने मात्र पाणी दुसऱ्यांदा वर चढले. पहिल्या पाण्यापासून दूर सरकलेल्यांना पुन्हा सरकावे लागले.

१२/
या पाण्याने काय केले? नीरेच्या डाव्या आणि उजव्या कालव्याखाली बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरस या भागांचे रूप पालटले. ऊस आला. १९३० च्या दशकात वालचंदनगर आणि माळीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. महाराष्ट्राच्या साखर-अर्थकारणाचा आणि त्यातून उभ्या राहिलेल्या राजकारणाचा एक झरा भाटघरात आहे.

या समृद्धीचे श्रेय कालव्याला, कारखान्याला, नेतृत्वाला दिले जाते आणि त्यात तथ्य आहे. वेळवंड खोऱ्याचे नाव त्या श्रेयनामावलीत क्वचितच आढळते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण अशाच प्रदेशांत जन्माला येते.

१३/
भाटघरच्या पाण्यात एक साक्षीदार अजून उभा आहे. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी उतरले की कांबरे गावाजवळील कांबरेश्वराचे मंदिर उघडे पडते. काही आठवडे दर्शन होते आणि पावसाळा सुरू झाला की ते पुन्हा पाण्याखाली जाते. तेवढ्या दिवसांत तेथे भाविकांची आणि छायाचित्रकारांची रीघ लागते.

बातम्यांचा मथळा बहुधा ठरलेला असतो: ‘पाण्याखालचे पांडवकालीन मंदिर’. त्यातील ‘पांडवकालीन’ हा शब्द इतिहासाच्या कामाचा नाही; महाराष्ट्रातील प्रत्येक जुन्या दगडी देवळामागे तो लावलेला असतो. खरा ऐतिहासिक प्रश्न त्याच मथळ्याच्या पहिल्या शब्दात दडलेला आहे. हे मंदिर पाण्याखाली का आहे? तेथे दिवा कोण लावत असे आणि ती माणसे कोठे गेली? पाच हजार वर्षांपूर्वीच्या पांडवांबद्दल कुतूहल आणि शंभर वर्षांपूर्वीच्या गावकऱ्यांबद्दल मौन, ही इतिहासप्रेमाची विचित्र वाटणी आहे.

१४/
आता नावांकडे यावे, कारण इतिहासप्रेमी वाचकाला नावे प्रिय असतात.

इंग्रजांच्या काळात जलाशयांना अभियंते आणि गव्हर्नर यांची नावे मिळाली: लेक फाइफ (खडकवासला), लेक व्हाइटिंग, लॉइड डॅम. आज पानशेतचा जलाशय तानाजीसागर आहे, वरसगावचा वीर बाजी पासलकर जलाशय आणि भाटघरचा येसाजी कंक जलाशय. परकीय नावे जाऊन मावळ्यांची आली, हे योग्यच झाले.

पण या नावांचा अर्थ नीट वाचला जात नाही.

१५/
बाजी पासलकर मोसे खोऱ्याचे देशमुख होते. शिवाजी महाराजांच्या अगदी सुरुवातीच्या साथीदारांपैकी ते एक. फत्तेखानाच्या स्वारीच्या वेळी ते कामी आले. त्यांचे नाव ज्या पाण्याला आहे, त्याच पाण्याखाली मोसे खोऱ्याची भातजमीन आहे. येसाजी कंक राजगडाच्या पायथ्याच्या भुतोंडे गावचे. त्यांचे नाव ज्या जलाशयाला आहे त्यानेच वेळवंड खोरे गिळले आहे.

हा योगायोग कोणी कटाने घडवलेला नाही. नामकरण आदरानेच झाले. तरीही परिणाम असा की वीराच्या वंशजांची, त्याच्या शेजाऱ्यांची जमीन पाण्यात गेली आणि पाण्याला वीराचे नाव मिळाले. नाव वाचून मान झुकवणाऱ्याला तळाशी काय आहे हे विचारण्याची गरज वाटेनाशी झाली.

१६/
‘बारा मावळ’ हा शब्द शिवकालावर वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. त्यांतील कानद खोरे, गुंजण मावळ आणि मोसे खोरे आजच्या वेल्ह्याच्या बाजूला. हिरडस मावळ, रोहिड खोरे आणि वेळवंड खोरे भोरच्या बाजूला. ही नावे नद्यांची आणि खोऱ्यांची आहेत. त्या काळी मुलूख ओळखला जाई तो खोऱ्याने, आणि देशमुखी असे तीही खोऱ्याची. गुंजण मावळात शिळीमकर, कानदात मरळ, हिरडस मावळात बांदल, रोहिड खोऱ्यात जेधे.

आज या खोऱ्यांची यादी धरणांच्या यादीसारखी वाचता येते. मोसेवर वरसगाव, वेळवंडीवर भाटघर, वेल्ह्यात गुंजवणी धरण, हिरडस मावळात नीरा-देवघर. ज्या खोऱ्यांनी स्वराज्याला माणसे पुरवली त्यांनीच पुढे शहरांना आणि कालव्यांना पाणी पुरवले. पहिल्या पुरवठ्यावर शेकडो पुस्तके आहेत. दुसऱ्यावर किती, हे प्रत्येकाने आपापल्या कपाटात पाहावे.

१७/
जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ दुर्गांना जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्यांत राजगड आहे. त्या नामांकनाचा विषय एकेकटा किल्ला नव्हता. मराठ्यांचे ‘लष्करी भूदृश्य’ हा होता. भूदृश्य म्हणजे डोंगर, वाट, पाणी, गाव आणि शेत मिळून.

राजगडाच्या संजीवनी माचीवरील अळू दरवाजातून एक वाट भुतोंड्याकडे उतरते. त्या बाजूला खाली भाटघरच्या जलाशयाचा फाटा पसरलेला आहे. गडावर येणारा तरुण तेथे थांबतो, पाण्याची छायाचित्रे घेतो आणि ‘निसर्गाची उधळण’ असे लिहून टाकतो. त्याने पाहिलेले पाणी निसर्गाने तेथे आणलेले नाही. गडाला धान्य आणि माणसे पुरवणाऱ्या खोऱ्याचा तो बुडालेला भाग आहे. राजगडाच्या इतिहासातील ते एक प्रकरणच आहे.

१८/
येथे पहिला आक्षेप येतो: मग धरणे बांधायचीच नव्हती का? दुष्काळात माणसे मरू द्यायची, पुणे तहानलेले ठेवायचे?

हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला गंभीर उत्तर हवे. १८७६-७८ चा दुष्काळ भयंकर होता. नीरा कालव्याने पुढच्या पिढ्यांना आधार दिला. पुण्याला पाणी लागतेच. प्रश्न धरण असावे की नसावे एवढ्यावर संपत नाही. त्याची किंमत कोणी दिली, ती पुरती मोजली गेली का आणि देणाऱ्याला लाभात वाटा मिळाला का, हे विचारावे लागते.

आणि हा प्रश्न आजच्या काळातून मागे नेऊन लादलेला नाही. वेल्ह्याच्या उत्तरेला लागून असलेल्या मुळशीत १९२१ मध्येच शेतकऱ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. त्या लढ्यामुळेच पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले. पानशेतची आखणी झाली तेव्हा शेजारच्या तालुक्यातील हा धडा तीस-पस्तीस वर्षे जुना होता. ‘त्या काळी कोणाला कळत नव्हते’ ही सबब चालत नाही.

१९/
दुसरा आक्षेप: पर्यटनाने स्थानिकांना रोजगार दिला.

दिला. होडी चालवणारा, भजी तळणारी, बंगल्याची राखण करणारा, पार्किंगच्या पावत्या फाडणारा, सारे बहुधा आसपासच्या वाड्यांतले. रोजगार नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्याचे स्वरूप पाहावे. खाचराचा मालक राखणदार झाला, हा बदल ‘विकास’ या एका शब्दात झाकला जातो. मालकी बहुतेक शहराकडे गेली, मजुरी गावाकडे राहिली आणि शांततेचा भंग झाल्याची तक्रार मात्र दोघांपैकी शहराने केली.

२०/
तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा: जमिनी गावकऱ्यांनी स्वतःच विकल्या, मग दोष कोणाला?

विकल्या, हे खरे. पण विक्री कोणत्या स्थितीत होते हेही इतिहासाचाच भाग आहे. खाचर गेलेले, वरकस निकृष्ट, मुले पुण्या-मुंबईत, सातबाऱ्यावर वीस नावे, पाणी समोर पण उपसण्याची सोय आणि परवानगी दोन्ही अवघड. अशा वेळी दलाल रोख रक्कम घेऊन दारात उभा राहिला तर ‘स्वेच्छा’ हा शब्द जपून वापरावा लागतो. विकणाऱ्याला भोळा ठरवणे जसे अन्यायाचे, तसेच त्याला लोभी ठरवणेही. तो हिशेब करून विकत होता. हिशेबाचे आकडे मात्र त्याने ठरवलेले नव्हते.

२१/
या साखळीचे टोक वरसगावच्या फुगवट्यावर दिसले. या शतकाच्या पहिल्या दशकात मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतील गावांच्या जमिनींवर लवासा हे डोंगरी नगर उभारले जाऊ लागले. इटलीतील बंदराच्या धर्तीवर रंगीत इमारती, पाण्याकाठी विहारपथ, नौकाविहार. धरणासाठी संपादित झालेल्या जमिनीपैकी काही जमीन कृष्णा खोरे विकास महामंडळाने या प्रकल्पाला भाडेपट्ट्याने दिली. नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने बांधकाम थांबवण्याची नोटीस बजावली; २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली.

त्या प्रकल्पाचे बरेवाईट येथे मांडायचे नाही. एकच गोष्ट लक्षात घ्यावी. ‘सार्वजनिक प्रयोजन’ म्हणून शेतकऱ्याकडून घेतलेली जमीन, प्रयोजन बदलल्यावर, मूळ मालकाकडे परतली नाही. तिला नवा दर्शनी भाग मिळाला.

२२/
जुन्या आठवणकारांच्या तक्रारीत सत्याचा अंश नाही असे नाही. काठ पूर्वी मोकळा होता, आता कुंपणांनी अडला आहे, हे त्यांचे निरीक्षण अचूक आहे. ध्वनिवर्धकाचा उपद्रव खरा आहे. पाण्यातील प्लास्टिक खरे आहे.

पण हा मोकळा काठ कोणाच्या कामाचा होता? पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळात पीक घेणाऱ्याच्या, ज्याला गाळपेर म्हणतात. गुरे पाण्यावर नेणाऱ्याच्या. मासे धरणाऱ्याच्या. कुंपण पडले तेव्हा सहलीच्या माणसाची एक संध्याकाळ हरवली आणि गाळपेर करणाऱ्याचा एक हंगाम हरवला. पहिल्या नुकसानावर हळवे लेख निघतात. दोन्ही नुकसाने एकाच कुंपणाने केली, हे ओळखले तर आठवणकार आणि गावकरी एका बाजूला उभे राहू शकतात. आज ते तसे उभे नाहीत, कारण आठवणीत गावकऱ्याला फक्त ‘होडीवाले मामा’ एवढीच जागा आहे.

२३/
मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला. गडाच्या गौरवाची भावना समजण्यासारखी आहे. पण व्हाइटिंग, लॉइड, तानाजी, बाजी, येसाजी, राजगड अशी नावांची परंपरा पाहिली की एक गोष्ट जाणवते. प्रत्येक पिढीने या भूमीला नवे नाव दिले. बुडालेल्या गावठाणांची नावे दाखवणारा साधा फलक लावण्याची तातडी मात्र कोणत्याच पिढीला वाटली नाही.

जलाशयाच्या काठावर सूचनाफलक पुष्कळ असतात: पोहण्यास मनाई, सेल्फी घेऊ नये, पार्किंगचे दर. ‘या पाण्याखाली अमुक गावे होती’ असे लिहिण्यास फार खर्च येणार नाही.

२४/
हे काम सरकारवर सोडून बसण्याचेही कारण नाही. ज्या तरुणांनी गडांवरची टाकी साफ केली, तोफा शोधल्या, वीरगळ नोंदवले, त्यांना हे कठीण नाही.

जुने सर्वेक्षण-नकाशे धरणाआधीची गावे दाखवतात. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा पुणे जिल्ह्याचा खंड १८८५ चा आहे. म्हणजे लॉइड धरणापूर्वीचा. भूसंपादनाच्या अधिसूचना शासकीय राजपत्रांत छापल्या गेल्या आहेत. गावनकाशे आणि जुने फेरफार महसुली दप्तरांत असतात. आणि मे महिन्यात पाणी उतरते तेव्हा दप्तराबाहेरचा पुरावा उघडा पडतो: जोती, विहिरींची कडी, पाटे-वरवंटे, देवळांचे चौथरे, खाचरांचे बांध.

२५/
सर्वांत घाईचे काम माणसांचे आहे. १९६१ मध्ये जो दहा वर्षांचा होता तो आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. खोऱ्यातील शेतांची नावे, पाणवठ्यांची नावे, जत्रेचा दिवस, कोणत्या वाटेने कोठला बाजार गाठला जाई, हे त्याला आठवते. त्याच्या नातवाला बहुधा आठवणार नाही. ही नोंद पुढच्या दहा वर्षांत झाली नाही तर नंतर करता येणार नाही. कागद पुन्हा सापडू शकतो. शेताचे नाव जाणणारा शेवटचा माणूस गेला की ते नाव कोणत्याही संग्रहालयात शिल्लक नसते.

२६/
पानशेतची सहल करू नये, असे यातून कोणी समजू नये. पाणी सुंदर आहे, वारा आजही थंड आहे आणि होडी चालवणाऱ्याच्या घरची चूल त्या भाड्यावर पेटते. जावे. ‘पूर्वी असे नव्हते’ असेही अवश्य म्हणावे. मात्र ते वाक्य उच्चारताना ‘पूर्वी’ म्हणजे कधी, हे ठरवून उच्चारावे.

होडीत बसताना भाडे विचारले जातेच. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा: “मामा, तुमचे मूळ गाव कोणते, आणि ते आता कोठे आहे?” पुष्कळदा उत्तरादाखल एक बोट पाण्याकडे वळेल. पानशेतचा इतिहास लिहायचा तर तेथून सुरू करावा लागेल.